पाकिटातले पहारेकरी

चिमटाताईंनी जुन्या नोटेला बोट लावलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. चष्म्याच्या डबीत त्यांचा चिमटा असतो, चपट्या टोकांचा. नोट अल्बममधून काढायची, भिंगाखाली धरायची, पाऊचमध्ये सरकवायची, सगळं त्या चिमट्यानं. गिऱ्हाईकानं नुसता हात पुढे केला तरी त्या विचारणार, "हात धुतलेत?" समोरचा बिचारा धुऊन येतो, तर म्हणणार, "छान. आता मागे बांधून उभे राहा." असलं बोलणं ऐकून माणूस पुन्हा फिरकणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण गिऱ्हाईक फिरकतं. जिला नोटेची एवढी काळजी ती बाई आपल्याला फसवणार नाही, इतका हिशेब कुणालाही जमतो.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीशी यजमानांची खुर्ची. धंदा मुळात यजमानांचा. जगभरातल्या चलनातून गेलेल्या नोटा गोळा करायच्या, त्यांची पारख करायची आणि ज्याला जी हवी त्याला ती टपालानं पाठवायची. सहा वर्षांपूर्वी यजमानांचे हात थरथरायला लागले आणि चिमटा ताईंकडे आला. फॉर्म मात्र पहिल्या दिवसापासून ताईच भरत होत्या, बावीस वर्षं. यजमानांचं अक्षर खुद्द यजमानांनाही लागत नसे.

हा फॉर्म काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच झाला. परदेशी पाकिटावर कस्टम्सचा फॉर्म लागतो. आत काय आहे, किती नग, किंमत किती, आणि सगळ्यात खाली एक ओळ: पाकिटात चालू चलन नाही. चालू पैसे टपालातून देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा. बाद झालेली नोट चालते, कारण ती आता पैसा नाही, वस्तू आहे. या धंद्यातले निम्मे लोक फॉर्मवर 'छापील कागद' असं लिहितात आणि किंमत टाकतात चहाच्या कपाएवढी. म्हणतात, नोट असं लिहिलं की वाटेत कुणाचा तरी हात शिवशिवतो. ताईंच्या डोक्यात तिडीक जायची. "छापील कागद? मग रद्दी पाठवा की." त्या लिहायच्या, बाद नोटा, संग्रहासाठी, इतके नग, आणि किंमत असेल ती, पूर्ण. किंमत जास्त असली की पाकिटाचा विमा उतरवावा लागतो, आणि विम्याचं पाकीट कस्टम्समध्ये हमखास उघडलं जातं. "उघडू दे," ताई म्हणायच्या. "आत आहे तेच बाहेर लिहिलंय."

बावीस वर्षांत एकही पाकीट परत आलं नव्हतं. ताईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या झाकून ठेवत नसत. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

पाकिटं जायची पोस्टातल्या तीन नंबरच्या खिडकीतून. तिथे भाऊ बसायचे. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, उजव्या अंगठ्याला कायमची शाई, आणि शिक्का मारण्याआधी दर वेळी शिक्क्यावर एक फुंकर. रांगेतली माणसं वैतागायची, पण भाऊंच्या हातून गेलेलं पाकीट भलत्या देशात पोचलं असं कधी झालं नाही. ताईंचं आणि त्यांचं बोलणं पाकिटांपलीकडे फारसं जात नसे. तब्येत, उकाडा, भाऊंच्या मुलीच्या परीक्षा, बस्स. तरी ताई त्यांना भाऊ म्हणायच्या ते नुसतं म्हणायला नव्हे.

घोळ झाला त्याच्या महिनाभर आधी नवा नियम निघाला. दुसऱ्या एका पोस्टातून भलतंच काहीतरी परदेशी गेलं होतं आणि तिथला कारकून घरी बसला होता. तेव्हापासून खिडकीवरच्या माणसानं पाकीट उघडून बघायचं, आपल्यासमोर बंद करायचं, मग फॉर्मवर 'समक्ष तपासले' असा शिक्का मारून सही करायची. न बघता सही केली तर निलंबन, चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पेन्शन अडकलं. पोस्टमास्तरांनी सगळ्यांच्या सह्या घेऊन तो कागद भिंतीला लावला. भाऊंच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला भाऊ कसंनुसं हसत म्हणाले, "ताई, पाकीट उघडावं लागेल हं."

ताईंना मिरच्या झोंबल्या. "उघडा की. बावीस वर्षांनी सुचलंय तर उघडाच. चोराचं पाकीट आहे ना ते."

रांगेतल्या चार माना वळल्या. भाऊ ओशाळले. "तसं नाही हो ताई," असं पुटपुटत त्यांनी न उघडताच शिक्का मारला. पुढे आणखी तीन पाकिटं गेली, भाऊंनी पुन्हा विषय काढला नाही. ताईंना तेव्हा बरं वाटलं होतं.

त्या मंगळवारचं पाकीट मोठं होतं. आकारानं नव्हे, आत खरी नोट एकच. कधीच बुडालेल्या एका बँकेची दहाची नोट. तिच्यावर ज्याची सही होती तो अधिकारी जेमतेम दोन महिने त्या खुर्चीवर टिकला, म्हणून तसल्या नोटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. यजमानांनी ती तीस वर्षं जपली होती. परदेशातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे त्या बँकेच्या बाकी सगळ्या सह्या होत्या, ही तेवढी नव्हती. यजमान दोन वर्षं नाही नाही म्हणत राहिले. मग एक दिवस आपणच म्हणाले, "माझे हात हे असे. तिथे निदान आपल्या भावंडांत राहील ती. पाठव."

आता जुनी नोट नुसती पुठ्ठ्यात घालून चालत नाही. पुठ्ठ्याची कड लागते, घडी पडते. म्हणून नोटेच्या पाऊचखाली एक आणि वर एक, त्याच मापाची फालतू बाद नोट ठेवायची. नोटेचा कागद नोटेइतकाच वाकतो आणि धक्का बसला तर आधी आपल्या अंगावर घेतो. यजमान त्यांना पहारेकरी म्हणायचे. पहारेकऱ्यांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि फॉर्मवरही त्यांची गणती व्हायची. एक नोट, दोन पहारेकरी, म्हणून तीन नग.

त्या सकाळी डबा उघडला तर रिकामा. शेवटचे दोघे आदल्या आठवड्यात कामाला गेले होते. यजमान खुर्चीतून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "झालं? कोपरे बघितलेस? चारही?" टपालाची थैली एक वाजता निघते, साडेदहा तर वाजून गेले होते. ताईंनी पर्स उघडली. कालच बँकेतून काढलेल्या विसाच्या दोन नोटा आत होत्या, कोऱ्या करकरीत. माप बरोब्बर. चिमट्यानं उचलल्या, एक खाली, एक वर. पाकीट बंद, कडांना चिकटपट्टी. फॉर्म आदल्या दिवशीच भरून ठेवलेला होता: बाद नोटा, तीन नग.

तुम्ही म्हणाल, एवढं कसं विसरतं माणूस? तुम्ही-आम्ही नाही विसरणार. आपल्याला नोट दिसली की पैसे दिसतात. ताईंना कागद दिसतो, त्याची जाडी दिसते, घडी आहे की नाही ते दिसतं. बावीस वर्षं ज्या नोटा हाताळल्या त्यांच्यावर बाजारात कुणी काडेपेटी दिली नसती. त्या घाईत विसाची कोरी नोट म्हणजे ताईंच्या लेखी एक चांगला ताठ कागद होता, दुसरं काही नाही.

भाऊंनी पाकिटाचं वजन केलं, विम्याची चिठ्ठी लावली, शिक्क्यावर फुंकर मारली. समक्ष तपासले. खाली सही.

पोस्टातून ताई यजमानांचं औषध आणायला गेल्या, तिथे रांगेत तास मोडला. परतताना कोपऱ्यावर भाजीवालीकडे थांबल्या. कांदे, बटाटे, एक कोबी. "चाळीस झाले," भाजीवाली म्हणाली. नेमके चाळीस सुटे आहेत म्हणून ताईंनी पर्सचा मधला कप्पा उघडला. रिकामा. मागचा बघितला. पुन्हा मधला बघितला. आणि त्यांचा हात तसाच पर्समध्ये राहिला.

"राहू दे ताई, उद्या द्या," भाजीवाली म्हणत होती.

पिशवी तिथेच टाकून ताई आल्या पावली मागे फिरल्या. बासष्टाव्या वर्षी बाईमाणूस भर रस्त्यात पळत नाही, पण ताई पळाल्या. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. पोस्टात शिरल्या तेव्हा घड्याळात एकला पाच कमी होते. तीन नंबरपुढे चार माणसं होती. त्यांना बाजूला सारून ताईंनी काचेच्या भोकाशी तोंड नेलं.

"भाऊ, थैली?"

"गेली की. आज गाडी जरा आधीच आली." भाऊंनी वर पाहिलं. "काय झालं ताई? बसा आधी."

"पहारेकरी चालू नोटांचे गेले. विसाच्या. दोन."

भाऊंनी फुंकर मारायला शिक्का तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला. त्यांना पहारेकरी काय ते ठाऊक होतं, बावीस वर्षं फॉर्म वाचत होते ते. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर सातव्या ओळीत त्यांची स्वतःची सही होती.

"विम्याचं आहे," ते हळूच म्हणाले.

म्हणजे उघडणारच. दोघांनाही ते कळलं, आणखी बोलायची गरज नव्हती. ताई म्हणाल्या, "मी जाते. परत मागून घेते पाकीट."

"मागितलं तरी उघडून बघूनच देतात ते."

"ओ बाई, गप्पा नंतर मारा," मागून कुणीतरी खेकसलं.

भाऊंनी शिक्का खाली ठेवला. अंगठ्यावरची शाई पुसल्यासारखं केलं. "बघू," म्हणाले. "तुम्ही घरी जा ताई. ऊन फार आहे." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर ताईंना परवडलं असतं.

त्या घरी गेल्या नाहीत. चपलेला पिन लावून बसमध्ये बसल्या. परदेशी टपालाची इमारत गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासाचा रस्ता. आपली चूक, आपण भोगू, दंड होईल, होऊ दे, हे सगळं त्यांनी पहिल्या दोन थांब्यांतच मनाशी मान्य केलं. पण भाऊ? माणूस विचारत होता, उघडू का म्हणून. त्याला चारचौघांत कुणी गप्प केलं? आपल्या प्रामाणिकपणाचा केवढा तोरा आपल्याला. त्यांना स्वतःचा इतका राग आला की शेजारची बाई सरकून बसली.

कस्टम्सचा हॉल लांबलचक. दिवसाही ट्यूबलाइट, पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास, मधोमध सरकता पट्टा. शिपायानं ताईंकडून अर्ज लिहून घेतला आणि बाकावर बसवलं. काचेपलीकडे एका टेबलावर साहेब पाकिटं उघडत होते. पन्नाशीचे, सर्दीनं नाक लाल, हातात रबरी मोजे. त्यांच्या डाव्या हाताला तीन ट्रे होते, आणि तिसऱ्या ट्रेमध्ये वरून चौथं पाकीट ताईंचं. आपलं अक्षर त्यांना तेवढ्या लांबूनही ओळखू आलं.

दोन वाजले. पहिला ट्रे संपला. साहेबांनी चहा मागवला. अडीच वाजले. दुसऱ्या ट्रेमधल्या एका खोक्यात बाटली फुटलेली निघाली, ती पुसण्यात अर्धा तास गेला. पाण्यासाठीही ताई उठल्या नाहीत. उठलं आणि तेवढ्यात पाकीट उघडलं तर काय करायचं? आणि समोर बसून तरी काय करणार होत्या, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. साडेतीनला साहेबांनी त्यांचा अर्ज वाचला, पाकीट उचललं आणि बोटानं बोलावलं.

"परत का हवंय?"

"चूक झाली साहेब."

"काय चूक?" त्यांनी कटर घेतला.

"कडेनं कापा साहेब. मधे नोट आहे."

"रोज दोनशे कापतो मी, बाई."

ताईंनी डबीतून चिमटा काढून पुढे धरला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोज्यातली दोन बोटं आत घालून त्यांनी पुठ्ठे ओढले. एवढ्या संकटातही ताईंची नजर आधी नोटेच्या चार कोपऱ्यांवर गेली. कोपरे शाबूत होते.

साहेबांनी तिन्ही नोटा ओळीनं मांडल्या. फॉर्म मोठ्यानं वाचला. "बाद नोटा, तीन नग." मग एक वीस उचलली. "ही कधी बाद झाली? सकाळी हिच्यावर चहा प्यालोय मी."

ताईंनी सगळं सांगितलं. रिकामा डबा, पुठ्ठ्याची कड, पहारेकरी, घाई. जसं घडलं तसं. साहेबांनी ऐकून घेतलं, रुमालानं नाक पुसलं. "चाळीसची तस्करी कुणी करत नाही, तेवढं मलाही कळतं," ते म्हणाले. "खुलासा लिहून द्या. दंड बसेल थोडा. तुमची बावीस वर्षांची पाकिटं माझ्याकडे नोंदलेली आहेत, एकही वावगं नाही."

ताईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात साहेबांनी फॉर्म उलटा केला.

"आणि हे काय? समक्ष तपासले. सहीसुद्धा आहे. याला नाही दिसल्या?"

ताईंनी चिमटा डबीत ठेवला.

"बाई, तुमची चूक समजली. याची नाही समजत. एक तर यानं बघितलंच नाही, नाहीतर बघून सोडलं. दोन्हींत हा जातो." त्यांनी ड्रॉवरमधून वेगळाच, पिवळा कागद काढला. "याचं नाव काय?"

पिवळ्या कागदावर पेन टेकलं. ताईंना भाऊंचा तो ओशाळलेला चेहरा दिसला, रांगेसमोरचा. आणि मग जे त्यांच्या तोंडून गेलं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं.

"त्यांनी तपासलं होतं."

पेन थांबलं.

"तेव्हा या दोन आत नव्हत्या," ताई म्हणाल्या. "त्यांनी सगळं बाहेर काढून बघितलं, परत घालून दिलं. शिक्का घ्यायला मागे वळले तेवढ्यात मी सरकवल्या आणि पाकीट बंद केलं."

"का?"

"त्यांनी बघितल्या असत्या तर काढायला लावल्या असत्या. माझी नोट वाकली असती."

"म्हणजे चालत नाही हे ठाऊक होतं तुम्हाला."

"होतं."

"मग ही चूक नाही."

"नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "आत्ता दोन मिनिटांपूर्वी तुम्ही मला चूक म्हणून सांगत होतात."

"घाबरले होते साहेब. आता खरं सांगतेय."

साहेबांनी पिवळा कागद बाजूला सारून कोरा कागद समोर ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "हे लिहून दिलंत तर जाणूनबुजून केल्याची नोंद होते. नोट जप्त. दंड चौपट. आणि तुमचं परदेशी टपाल बंद, कायमचं. पुन्हा विचार करा."

ताईंनी विचार केला. दोन लोखंडी कपाटं, त्यातले अल्बम, दहातली नऊ गिऱ्हाइकं परदेशातली. तीस वर्षं जपलेली ती दहाची नोट समोर उघडी पडली होती. खुर्चीत वाट बघणारा नवरा. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. कस्टम्सच्या कुठल्याही कागदावर खोटा आकडासुद्धा न लिहिलेल्या बाईनं सात ओळी खोट्या लिहिल्या, त्याच वळणदार अक्षरात, आणि खाली सही केली.

"त्या माणसाला विचारतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन फिरवला.

हे ताईंच्या ध्यानात आलं नव्हतं. भाऊंना काय ठाऊक, इथे काय लिहिलं गेलंय ते. फोनची घंटी वाजत होती ती त्यांना बाहेर ऐकू येत होती. मग साहेबांचं बोलणं सुरू झालं. "हो, कस्टम्समधून. त्या नोटांच्या पाकिटाबद्दल. तुम्ही ते उघडून तपासलं होतं?" साहेब ऐकत राहिले. त्यांच्या भुवया वर गेल्या. "काय? परत बोला." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "तो म्हणतोय, उघडलंच नव्हतं. न बघता सही केली म्हणतोय."

ताईंना वाटलं, फोनमधून हात घालून त्या भल्या माणसाचं तोंड दाबावं.

"खोटं बोलताहेत ते," त्या म्हणाल्या. "माझ्यावर येऊ नये म्हणून अंगावर घेताहेत. स्वभावच आहे तो. बावीस वर्षं ओळखते मी त्यांना."

"दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

"ते बोलताहेत."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या सात ओळींकडे. टेबलावर अजून अर्धा ट्रे बाकी होता. त्यांनी हात काढला. "हे बघा, बाईंनी लेखी दिलंय, ते मी धरतो. तुम्हाला काही वेगळं म्हणायचं असेल तर तुम्हीही लेखी द्या, उद्या, पोस्टमास्तरांमार्फत." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ताईंनी यजमानांना सगळं खरं सांगितलं. निदान एका माणसाला तरी. यजमान ऐकत राहिले, हात मांडीवर थरथरत होते. नोट जप्त झाली म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "काढताना घडी नाही ना पडली?" नाही म्हटल्यावर मान हलवली आणि दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी ताई मागच्या दाराशी उभ्या होत्या. भाऊ आले ते रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी. त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता.

"द्या तो इकडे," ताई म्हणाल्या.

"ताई, मी न बघता सही केली. ते खरं आहे आणि मी तेच लिहिलंय."

"लिहा ना. पण मग माझा जबाब खोटा ठरतो. खोट्या जबाबाला दंडावर भागत नाही, आत जावं लागतं. पाठवताय मला आत?"

भाऊंचा हात खिशावर गेला. ताईंना ठाऊक होतं की हा माणूस आता बांधला गेला, आणि आपणच त्याला बांधलं. ते त्यांना मुळीच चांगलं वाटत नव्हतं.

"हे बरं नाही केलंत ताई," भाऊ शेवटी म्हणाले. "मी आता या खिडकीत मान वर करून कसा बसू?"

"बसा. आठच महिने आहेत." त्यांनी हात पुढे केला आणि भाऊंनी कागद त्यांच्या हातात ठेवला.

पंधरवड्यानं वरून यादी आली. यांचे परदेशी टपाल स्वीकारू नये, आणि खाली ताईंचं नाव, पत्त्यासकट. प्रत्येक खिडकीच्या काचेला ती आतून लावायची होती. तीन नंबरला भाऊंनी स्वतःच्या हातानं चिकटवली. पोस्टातली माणसं ताईंना बघून कुजबुजायला लागली. चांगल्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकली या बाईनं, वगैरे. ताईंनी रस्ता बदलला. गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या दुकानदारांकडे गेली, जे फॉर्मवर 'छापील कागद' लिहितात.

आठ महिन्यांनी भाऊ स्वतः दुकानात आले. हात धुतलेले होते. "उद्या निरोप देताहेत मला. तुम्ही या. नाही आलात तर मीही जाणार नाही."

ताई गेल्या. पोस्टाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, त्या शेवटच्या रांगेत भिंतीशी बसल्या. शेजारची दोन माणसं उठून पुढे गेली. समोर टेबलापाशी भाऊ, गळ्यात हार, आणि पोस्टमास्तर बोलत होते. पेन्शनचा कागद अजून त्यांच्याच हातात होता.

"चौतीस वर्षं," पोस्टमास्तर म्हणाले, "आणि एक डाग नाही. एकदाच एका बाईनं यांच्या सरळपणाचा फायदा घेतला, यांची पाठ वळताच पाकिटात नको ते घातलं. आपल्याला वाटलं, आता भाऊ अडकले. पण सही स्वच्छ निघाली. का? कारण भाऊंनी पाकीट उघडून बघितलं होतं."

काही माना मागे वळल्या. भाऊ लाल झाले होते. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि उभे राहिले. "साहेब, थांबा," ते म्हणाले. "ते तसं नाही झालं. खरं म्हणजे मी—"

ताईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जोरात, दोन्ही हात वर धरून. पुढच्यांना वाटलं, भाषण संपलं. सगळा हॉल वाजवायला लागला. भाऊंचे ओठ हलत होते, कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. ते ताईंकडेच बघत होते. ताईंनी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि ते खाली बसेपर्यंत हात थांबवले नाहीत.